बर्फाचा कप्पा

फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, लोण्याच्या डब्यामागे त्याने हात घातला, तर औषधाची दोन्ही खोकी तिथे नव्हती. उजव्या गुडघ्यात ती ओळखीची ऊब चढत होती. सूज अजून दिसत नव्हती, पण आत रक्त झिरपायला लागलंय हे त्याला चाळीस वर्षांच्या सवयीने कळत होतं. अशा वेळी रक्त गोठवणारं औषध लगेच शिरेत गेलं, तर भागतं. नाहीतर महिनाभर काठी.

"माझी खोकी कुठं गेली ग?"

मुलगी कप पुसत होती. "वर ठेवलीत, बाबा. बर्फाच्या कप्प्यात. लग्नाचं बोलायला तो आईला घेऊन येतोय ना, त्या मदत करायला म्हणून सगळीकडे हात घालतात. फ्रिज उघडला असता त्यांनी."

त्याने खोकी काढली. औषधाची पावडर ज्यात विरघळवायची, त्या पाण्याच्या कुप्या दोन्हींत गोठून तडकल्या होत्या.

मुलीने कप खाली ठेवला. बाराव्या वर्षी ती शीर शोधायला शिकली होती. हात धुतल्यावर कशाला शिवायचं नाही, बाटली खळखळवायची नाही, तळहातांत हळू फिरवायची, टोचताना घाई करायची नाही, बाटलीवरची चिठ्ठी वहीत चिकटवायची. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, हात कारागिराचा. तरी त्याच्या डाव्या कोपरातली शीर त्याच्यापेक्षा तिलाच जास्त ठाऊक होती.

"पावडर तर चांगली दिसतेय," ती म्हणाली. "दुसरं पाणी मिळालं तर..."

"गोठलेलं टोचायचं नसतं. कागदावरचं तूच मला वाचून दाखवलं होतंस."

त्याचा आवाज चढला नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. हॉस्पिटल अर्ध्या तासावर होतं आणि पाहुणे दहा मिनिटांवर. आत्ताच निघू, असं ती म्हणेल म्हणून तो जरा थांबला.

"तासाभरात जातील ते," ती म्हणाली. "मग लगेच निघू."

मुलगा आईला घेऊन आला. त्या मोकळ्या स्वभावाच्या होत्या. तो उठायला लागला तसं त्यांनी हातानेच थांबवलं.

"बसा, बसा. गुडघे बोलायला लागले वाटतं? माझेही बोलतात, पण ऐकतंय कोण."

"जिन्यावर पाय मुरगळला," तो म्हणाला.

चहा झाला. कपडे, हॉल, कुणाला बोलवायचं, कुणाला टाळायचं, सगळं बोलून झालं. मग त्या सहज म्हणाल्या, "आमच्याकडं सगळे ठणठणीत आहेत. तुमच्या घरात काही आजारपण वगैरे?"

त्याने मुलीकडे पाहिलं. शाळेत असताना बाबांच्या आजारावर निबंध लिहून बक्षीस आणलेली पोर. तिने बिस्किटांची बशी पुढे केली.

"तसं काही नाही," ती म्हणाली.

मग त्यानेही मान हलवली.

निघताना मुलगी त्या बाईंना सोडायला खाली गेली. मुलगा मागे रेंगाळला आणि त्याच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. एव्हाना गुडघा पँटीत मावत नव्हता.

"काका, आईला घरी सोडून वीस मिनिटांत येतो. हॉस्पिटलात फोन केलाय, औषध आहे त्यांच्याकडे."

"तुला माहितीय?"

"पहिल्यापासून. फक्त आईला सांगितलं नाही. ती उगाच घोर लावून घेईल."

कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. हा आजार मुलीकडून नातवाकडे जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी फार पूर्वीच सांगितलं होतं. ते या भल्या मुलाला कोण सांगणार, या विचाराने त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"आणि पुढचं? मुलाबाळांचं?"

"तेही माहितीय. आम्ही ठरवून टाकलंय, काका. मूल नकोच." मुलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तीच म्हणाली, बाबांचं आयुष्य जवळून बघितलंय मी. तसं कुणाच्या वाट्याला यायला नको."

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"उठता येईल ना? हात देऊ?"

"नको. आई थांबल्यात. तू जा."

मुलगा गेला. थोड्या वेळाने मुलगी भराभर जिना चढून वर आली. तिला धाप लागली होती.

"बाबा, फार दुखतंय का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीत जरासा सरकला.

"फार नाही," तो म्हणाला. "तू दमली असशील. बस."