धुळाजीचं जनावर

टीव्हीतल्या बाईने कंदील उचलला आणि ती तळ्याकडे निघाली, तसा धुळाजी हाताचा टेका देऊन उठायला लागला.

"निघाला का बे?" गहिनीनाथने नजर न हलवता विचारलं.

धुळाजी अर्ध्यावर थांबला. रोज तो याच ठिकाणी उठायचा. कंदील दिसला की लघवीला जाऊन येतो म्हणायचा आणि परत यायचा नाही. आज पाचवा दिवस. काठी पुन्हा आडवी ठेवून तो मांडी घालून बसला.

"न्हाई. आज शेवटपत्तूर बघतो."

गहिनीनाथने आता मान वळवली. पुढच्या ओळीतली दोन डोकी वळली, मग त्यांच्या पुढची चार. अंधारात नुसते पांढरे डोळे दिसले आणि पुन्हा टीव्हीकडे फिरले. एकटे सुंदरराव तेवढे वळले नाहीत. सोसायटीचे चेअरमन म्हणून त्यांची लोखंडी खुर्ची टीव्हीला चिकटून होती आणि पिक्चरमधल्या पेटीचा सूर खाली उतरला की ते भीतीने उपरण्याचं टोक कानात कोंबून बसत.

गोदाम सोसायटीचंच होतं. दोन पावसाळे कोरडे गेल्यापासून त्यात खताचं पोतं आलं नव्हतं, वास मात्र राहिला होता. टीव्ही आणि व्हिडिओ वरून आले होते ते शेतकऱ्यांना थेंबाथेंबाने झाडाला पाणी कसं द्यावं, हे दाखवायला. ती कॅसेट एकदाच लागली. मागून कुणीतरी विचारलं, पहिला थेंब कुठला आणायचा? सुंदररावांनी उठून बटण बंद केलं. पुढे सोसायटीचा राखणदार सटवा सासऱ्याला दवाखान्यातून आणायला अंबाजोगाईला गेला, तो सासऱ्याबरोबर एक बिननावाची कॅसेटही घेऊन आला. वीज बारा ते तीन. गोदामाच्या भिंती जाड. चारला टँकर येतो म्हणून बाया घागरी बरोबर घेऊनच यायच्या आणि सगळं गाव रोज तोच पिक्चर बघायचं.

पिक्चरमध्ये तळ्याकाठी हवेली होती आणि तळ्यात काहीतरी होतं. ते दिसत नव्हतं. पाण्यावर बुडबुडे यायचे, घुरघुर ऐकू यायची आणि सकाळी हवेलीच्या जिन्यावर तिसऱ्या मजल्यापर्यंत ओला माग असायचा. दर खेपेला घरातलं एक माणूस कमी.

"तिसऱ्या मजल्यापत्तूर वल टिकती कशी?" पहिल्याच दिवशी धुळाजीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं. "आमच्याकडं घागर डोक्यावरून उतरवेपत्तूर सांडलेलं वाळतंय. आन हे कुत्रं सकाळी मेलतं न्हवं? आता कसं भुंकतंय?"

"तेचा भाऊ आसल," गहिनीनाथ म्हणाला होता.

"मग तेला भावाचं सुतक न्हाई का?"

गोदाम हसलं होतं. पण घुरघुर सुरू झाली की हाच धुळाजी घोंगडीचा काठ मुठीत आवळायचा आणि मूठ सोडायला विसरायचा. घोंगडीला भोकं पडली तरी ऊब लागते, हे धनगराला कुणी सांगावं लागत नाही.

शिवाय भोकं शोधायचा त्याला हक्क होता. त्याने स्वतः एक घोंगडी विणलेली होती.

महिन्यापूर्वी, ओढ्यापलीकडच्या पडीक रानात मेंढरं फिरवताना त्याला जुन्या बारवेत पाणी दिसलं. विहिरीसारखी खोल, चिरेबंदी, एका अंगाने पायऱ्या उतरत गेलेल्या. त्यातल्या वीस पायऱ्या पाण्याखाली. गावातल्या विहिरींत तेव्हा खडे वाजत होते. धुळाजीची चाळीस मेंढरं होती आणि त्यांच्याशिवाय दारात त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. तो दिवसभर काठावर बसून राहिला. संध्याकाळी गावात आला तो रक्ताळलेलं एक कातडं खांद्यावर टाकून. मेंढी आपल्या मरणाने मेली होती, पण ते कातडं त्याने सोसायटीच्या ओट्यावर अंथरलं आणि आवाज खाली आणला.

"बारवेत जनावर हाय. पाणी न्हाईच, नुसता काळा गाळ. गाळातनं हात आला. नख्या नांगराच्या फाळाएवढ्या."

चतुराबाई तेव्हा पुढे आली होती. तिचं घर गावाच्या शेवटाला, ओढ्याकडे तोंड करून. तिने कातडं पायाच्या अंगठ्याने उलटून बघितलं.

"जनावरानं मेंढी खाल्ली आन कातडं सोलून तुमाला आहेर केलं का आबा?"

लोक हसायला लागले. मग चतुराबाईच एकदम गप्प झाली, पदर सावरून मागे सरली. दुसऱ्या दिवसापासून ओढ्यापलीकडे कुणी फिरकलं नाही. त्या तोंडाळ बाईलासुद्धा आपण गप्प केलं, हे धुळाजी आठवडाभर मनातल्या मनात चघळत होता.

पिक्चर लागल्यापासून तर सगळं गाव गोदामात बसलं की तो मेंढरं पाजायला बारवेवर जायचा. पण पाणी उतरत होतं. चाळीस मेंढरांना एक पायरी आठवडाभर पुरायला हवी होती. ती दोन दिवसांत उघडी पडत होती. धुळाजीने आधी उन्हाला दोष दिला, पण त्या खोलीत ऊन पोचतच नव्हतं. मग काल खाली उतरल्यावर कोनाड्याकडे त्याचं लक्ष गेलं. तिथे साती आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, सात दगड मांडलेले. या गावच्या बाया आसरांना कुंकू लावल्याशिवाय पाण्याला हात लावत नाहीत आणि वरच्या पायरीवर पायातलं काढल्याशिवाय कुणी बारवेत उतरत नाही. धुळाजी मात्र वहाणांसकट उतरायचा. म्हाताऱ्या मेंढक्याच्या वाटेला आसरा जात नाहीत, असं त्याने आपलं ठरवून टाकलं होतं. त्याने एका दगडाला बोट लावलं. कुंकू ओलं होतं. तसा तो दोन-दोन पायऱ्या टाकत वर आला.

आज सकाळी त्याने पुन्हा बघितलं. पाण्याखाली चारच पायऱ्या उरल्या होत्या. पाण्याच्या कडेला त्याने एक पांढरा खडा ठेवला आणि ठरवलं, आज उठायचं नाही. कोण उठतं ते बघायचं.

कुणीच उठलं नाही.

कंदील विझला. बाई किंचाळली. नायक बंदूक घेऊन तळ्याकाठी आला आणि बंदूक विसरून गाणं म्हणायला लागला. एरवी धुळाजीने याचं काहीतरी केलं असतं. आज त्याला दुसरंच दिसत होतं. लोक टीव्हीकडे बघत नव्हते. कुणी दाराच्या फटीतल्या उन्हाकडे बघत होतं, कुणी त्याच्याकडे. कोपऱ्यात एक घागर दुसरीला लागली आणि कुणीतरी ती हाताने दाबून धरली.

मग तळ्यातून ते वर आलं. काळ्या रबराचं तोंड, बॅटरीच्या बल्बासारखे डोळे आणि काठावर टेकलेल्या हाताच्या मनगटावर, सोंग घेणाऱ्याने काढायचं विसरलेलं घड्याळ.

"पावणेदोन झालेत तेच्या घड्याळात," गहिनीनाथ पुटपुटला.

कुणी हसलं नाही. तो हात काठावर चढला तसा धुळाजीच्या मानेवर काटा उभा राहिला. घड्याळ दिसत असूनही.

पिक्चर संपला. सुंदररावांनी तोंड पुसलं. "उद्यापासून मी न्हाई बघणार," असं ते रोजच्यासारखं म्हणाले आणि सटव्याला कुलूप लावायला सांगून छत्री उघडून घराकडे गेले. बाकी कुणी हललं नाही. सगळं गाव गोदामासमोरच्या पांढऱ्या उन्हात, घागरी कमरेवर घेऊन उभं राहिलं.

चतुराबाई पुढे आली.

"आबा, मेंढरं तहानली आसतील आज."

"पाजतो की."

"मग जा ना. आमी थांबलोय."

"कावून थांबलाय?"

"तुमचं झालं की आमचं आसतंय. म्हैना झाला. दोघी-दोघी जातो, तुमी रानात पांगलात की."

धुळाजीने तळहातावर तंबाखू घेतली होती. ती तशीच राहिली.

"जनावराचं भ्या न्हाई वाटलं?"

"कातडं बघितलं तवाच कळलं, चाकूचं काम हाय म्हणून."

"मग बोलल्या कावून न्हाईत?"

"बोलून?" तिने सुंदररावांच्या घराकडे हनुवटी केली. "चेअरमनच्या कानावर गेलं आसतं तर सोसायटीची मोटार बसली आसती. चार दिसांत खडखडाट. तुमच्या जनावरानं पाणी राखलं, आबा. भोकं लई हायती तेला, पर राखलं."

"मी तर युसूफ वडगावच्या बाजारात तेला दोन शिंगं लावून आलतो," गहिनीनाथ म्हणाला.

धुळाजीने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याला हसू आलं आणि ते बराच वेळ आवरलं नाही. तंबाखू हातातून सांडून गेली.

आता लपवायचं काही उरलं नव्हतं. मेंढरं पुढे, धुळाजी त्यांच्यामागे आणि मागे सगळं गाव, असे ते ओढा ओलांडून निघाले. चालता चालता धुळाजीने विचारलं,

"आज मधी कोण येऊन गेलं?"

"कोण येणार?" चतुराबाई म्हणाली. "तुमी उठलाच न्हाई. सगळे हितंच व्हतो."

बारवेच्या तोंडाशी मेंढरं थांबली. रोज ती एकमेकांच्या अंगावरून खाली धावायची. आज पुढच्या मेंढ्याने वरच्या पायरीचा दगड हुंगला आणि तो मागे सरला. त्याच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली. धुळाजीने काठीने ढोसलं. मेंढा हलला नाही.

धुळाजीने वाकून खाली बघितलं. पांढरा खडा सकाळी ठेवला तिथेच होता. पाणी त्याच्या खूप खाली गेलं होतं. तीन पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि तळाशी एकीवर काळं पाणी जेमतेम उभं होतं.

आणि तिथून वरपर्यंत पायऱ्या ओल्या होत्या. घागर हिंदकळून पडतात तसे शिंतोडे नव्हते. हातभर रुंदीचा एकच पट्टा होता, काहीतरी जड ओढत वर आणल्यासारखा. तो वरच्या पायरीवर, पाय टेकवत नव्हता अशा तापलेल्या दगडावर येऊन संपत होता आणि बघता बघता कडांनी आत आत आटत होता.

"लई भारी," मागून गहिनीनाथ म्हणाला. "कवा केलंस बे हे? तू तर माझ्याजवळ बसलेला."

"म्या न्हाई केलं."

कुणीतरी हसलं. चतुराबाईने घागर खाली ठेवली आणि ओल्या दगडाकडे बोट केलं.

"पर आबा, हितं एक भोक हाय बघा. आसल्या उन्हात वल टिकती कशी?"

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. बाकीच्यांनीही घागरी खाली ठेवल्या. कंदील उचलला की गोदामात त्यांचे चेहरे जसे व्हायचे तसेच ते आता झाले होते, पुढे झुकलेले आणि खूश.

धुळाजीने मागे वळून बघितलं नाही. काठी जमिनीवर ठेवून तो वाकला. पायातली एक वहाण काढली, मग दुसरी, आणि दोन्ही जोडून वरच्या पायरीच्या कडेला ठेवल्या.