अमेरिका नावाची सवत

सुमनबाईंना सवत होती, आणि अख्ख्या लोहा गावाला ती ठाऊक होती. नवरा उठला की तिचं नाव, जेवताना तिचं नाव, लग्नाकार्यात पंगतीला बसला तरी तिचंच नाव. राहायची सातासमुद्रापलीकडे, पण सुमनबाईंच्या संसारात तिचा पाय रोज. नाव होतं अमेरिका.

नवरा म्हणजे धम्मानंद गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. चौकात विहाराच्या भिंतीवर एक काळा फळा आहे, त्यावर ते रोज सकाळी खडूनं लिहीत. सुरुवात झाली कुवेतच्या लढाईत. गल्लीतली दोन-चार पोरं तिकडे कामाला होती, पेपर लोह्यात दुपारी यायचा आणि आयांचा जीव सकाळपासून टांगणीला. गुरुजी पहाटे रेडिओ ऐकून फळ्यावर बातमी उतरवू लागले. पोरं परत आली, लढाई संपली, गुरुजींचा खडू काही थांबला नाही. इराकात न सापडलेली हत्यारं, अफगाणिस्तानातला वीस वर्षांचा मुक्काम, गाझात पडणारे बॉम्ब कुणाच्या कारखान्यातले, आपल्या मालावर लावलेलं टॅरिफ, सगळ्याचा हिशेब त्या फळ्यावर. शेवटी एक प्रश्न ठरलेला. ‘लोकशाही स्वतःच्या घरी ठेवता, मग दुसऱ्याच्या दारात विमानं का?’

समोरच्या हॉटेलात आप्पासाहेब चहा पीत बसलेले असायचे. कापूस पिकवणारा माणूस, गुरुजींचा जुना दोस्त आणि अमेरिकेचा वकील.

“गुरुजी, बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन जगलो आपण. इसरले का?”

“न्हाई इसरलो. तिच्या धान्यासंगं गाजरगवत बी आलं म्हणतेत. पोट भरलं ते खरं, रान नासलं ते बी खरं. मी दोन्ही लिहितो.”

आणि खरंच लिहायचे. त्यामुळे त्यांना कुणी माथेफिरू म्हणत नसे. माथेफिरू म्हणायचा हक्क फक्त सुमनबाईंचा, आणि तो त्या भरपूर वापरत.

तर अशा घरातल्या धाकट्या लेकीला, बुद्धप्रियाला, अमेरिकेतल्या विद्यापीठानं बोलावलं. कोरड्या भागातल्या जमिनीखालच्या पाण्यावर संशोधन करायचं, शिष्यवृत्तीसकट. नांदेडच्या कॉलेजात शिकवणारी पोर, तिनं फोनवर सांगितलं तेव्हा सुमनबाई खाली बसल्या. गुरुजी मात्र उभेच राहिले. मग म्हणाले, “पाणी शिकायला जाऊन राहिली ना, मग जाऊ दे.” आणि डोळे पुसायला मोरीत गेले.

आता राहिला व्हिसा. प्रियानं सांगितलं, मुलाखत हैदराबादला आहे आणि त्याआधी ते लोक सोशल मीडियाची खाती तपासतात, सगळं उघडं ठेवावं लागतं. सुमनबाई धास्तावल्या. कारण पोरगी कॉलेजात गेल्यापासून, चौकातली पोरं पाठवत तो बापाच्या फळ्याचा फोटो तिथं रोज टाकत होती. खाली लिहायची, ‘आजचे पप्पा’. म्हणजे अमेरिकेनं दार उघडून बघितलं, की तिला आधी दिसणार होत्या स्वतःच्याच उखाळ्यापाखाळ्या, तेही सुवाच्य अक्षरात.

“पुसून टाक माय ते सगळं,” सुमनबाई म्हणाल्या.

“मम्मी, पप्पाला कसं पुसू?”

बाप तसा लेक. सुमनबाईंनी फोन ठेवला आणि थेट आप्पासाहेबांना गाठलं.

“भावजी, काईतरी करा. पोरीचं समदं वाटोळं होईल.”

आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. आपल्याकडे पुढाऱ्याची खप्पामर्जी झाली तर माणूस काय करतो? पाया पडायला जात नाही, अर्ज देत नाही. वाढदिवसाची वाट बघतो आणि चौकात फ्लेक्स लावतो. पुढारी गाडीतून जाताना बघतो, आणि सगळं मिटतं. हे औषध आप्पासाहेबांनी स्वतः घेतलेलं होतं आणि त्यांना गुण आला होता.

“वहिनी, अमेरिकेचा वाढदिवस कधी असतो?”

तो चार जुलैला होता आणि यंदा तर अडीचशेवा. एवढा मोठा योग सोडायचा म्हणजे करंटेपणा.

चार तारखेला विहारासमोर फ्लेक्स झळकला. वर ठळक अक्षरांत, ‘जगाची थोरली पाती अमेरिका यांना अडीचशेव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. एका बाजूला मशालवाली बाई. दुसऱ्या बाजूला डरकाळी फोडणारा वाघ, कारण फ्लेक्स छापणाऱ्याकडे वाढदिवसाच्या प्रत्येक फ्लेक्सला वाघ असतोच. खाली शुभेच्छुक म्हणून काळा चष्मा घातलेले, कानाला मोबाईल लावलेले आप्पासाहेब. आणि मधोमध, सगळ्यांत मोठे, निरोप समारंभाचा हार गळ्यात घातलेले धम्मानंद गुरुजी, हात जोडून.

गुरुजी खडू घेऊन चौकात आले आणि थांबले. पोरांची वही तपासावी तसं त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. सुमनबाई भाजीच्या निमित्तानं तिथंच घुटमळत होत्या. त्यांना वाटलं, आता चौकात तमाशा होणार, चार शब्द ऐकावे लागणार. ऐकायची तयारीही होती.

“तुझं काम?” गुरुजींनी विचारलं.

“हाव. पोरीसाठी.”

“बरं केलंस.” त्यांनी खडू खिशात टाकला आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी फळा कोरा. तिसऱ्या दिवशीही. हॉटेलातल्या माणसांना चहा गोड लागेना. कुणी विचारलं, “गुरुजी, इराणात काय चालू हाय?” तर म्हणत, “पेपर वाचा.” घरी जेवायला बसले की ताटाकडे बघत जेवायचे, वरण अळणी आहे का खारट तेही सांगायचे नाहीत. जी सवत जावी म्हणून सुमनबाईंनी उभा जन्म बोटं मोडली, ती एकदाची गेली होती, आणि जाताना नवऱ्याला घेऊन गेली होती. घर खायला उठलं. सुमनबाईंना स्वतःचा इतका राग आला, की त्यांनी विनाकारण सगळी भांडी पुन्हा घासून काढली.

रविवारी प्रिया आली. फ्लेक्स बघून ती पोट धरून हसली, आप्पासाहेबांच्या चष्म्यासकट फोटो काढला. मग फळ्यापाशी गेली. घरी आली तेव्हा तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

“मम्मी, फोटो का येईना ते आत्ता कळलं. फळा कवापासून कोरा हाय?”

सुमनबाईंनी सांगितलं. पोरगी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बापाजवळ जाऊन बसली, आणि दोघं एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागले, पाहुण्यासारख्या.

ते बघताना सुमनबाईंना थोरली लेक दिपाली आठवली. तिला कंधारला दिलेली. पहिल्या वर्षी सासरचे घालूनपाडून बोलायचे. सगळे म्हणाले, लेकीच्या बापानं नमतं घ्यावं, नाहीतर लेकीला जड जातं. सुमनबाईही तेच म्हणाल्या होत्या. गुरुजी कंधारला गेले, व्याह्याच्या घरी पोटभर जेवले, जेवणाची तारीफ केली, आणि अंगणात सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाले, “व्याहीबुवा, मी लेक दिली, जीभ न्हाई दिली. चुकलं ते चुकलं म्हणणार.” त्या दिवसापासून दिपालीला त्या घरात वाकडा शब्द ऐकावा लागला नाही. व्याही आजही गुरुजी आले की बसायला स्वतःची खुर्ची देतात.

सुमनबाई उठल्या. चौकात गेल्या आणि आप्पासाहेबांना म्हणाल्या, “भावजी, उतरवा ते.”

“आन् व्हिसा?”

“उतरवा म्हणते ना.”

आप्पासाहेबांनी मुकाट्यानं दोऱ्या सोडल्या. कापड चांगलं जाड होतं, वाया कशाला घालवायचं म्हणून त्यांनी ते म्हशीच्या गोठ्यावर टाकलं. सुमनबाईंनी घरी येऊन नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशातून खडू काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“उद्यापासून लिव्हा.”

गुरुजींनी मान हलवली. “नको सुमन. पोरीचं नशीब माझ्या खडूपायी अडलं, तर मी कुठं तोंड दाखवू? महिनाभर गप बसल्यानं जग बुडत न्हाई.”

“जग न्हाई बुडत. तुमी बुडून राहिलेत, मला दिसून राहिलं. कंधारला काय म्हणले होते? लेक दिली, जीभ न्हाई दिली. मंग हे बी सासरच समजा. जरा मोठं हाय, बस.” त्यांनी खडू आणखी पुढं सरकवला. “माझं चुकलं. मला भ्या वाटलं.”

प्रियानं खडू उचलून बापाच्या हातात दिला. तिचा हात बराच वेळ तिथंच राहिला.

मुलाखतीच्या दिवशी गुरुजींनी फळा लिहिला. वर नेहमीसारखं, कुठं विमानं गेली, कुठं धान्य अडवलं, कुठं खरोखर मदत पोचली तेही. आणि ठरलेला प्रश्न. खाली मात्र दोन ओळी नव्या होत्या. ‘आमचं तुमचं भांडण चालू राहील. पण आमची लेक तुमच्याकडे शिकायला येते आहे, तिला जपा.’ फोटो हैदराबादला गेला. प्रियानं रांगेत उभं राहून तो टाकला, खाली लिहिलं ‘आजचे पप्पा’, आणि मोबाईल बाहेर ठेवून आत गेली.

दोघं नवराबायको ओट्यावर बसून राहिले. चूल थंड. आप्पासाहेब दोनदा येऊन गेले. दुपारी फोन वाजला, तो सुमनबाईंनी उचलला.

“मम्मी, त्या साहेबानं इचारलं, वडील काय करतेत? म्हणलं, मास्तर होते, आता फळ्यावर लिहितेत. म्हणाला, कशाबद्दल? म्हणलं, तुमच्याबद्दल.”

“आगं माय. मंग?”

“म्हणाला, आज काय लिहिलं? मी समदं सांगितलं, शेवटच्या दोन ओळी बी. त्यानं संगणकावर काईतरी टाइप केलं. मंग म्हणाला, जा, व्हिसा मंजूर.”

सुमनबाईंनी फोन नवऱ्याच्या कानाला लावला. गुरुजी “हाव, हाव” म्हणत राहिले, आणि फोन बंद झाल्यावरही तो कानालाच धरून बसले. मिळेल की नाही याच्याच घोरात इतके दिवस गेले होते. मिळाला म्हणजे पोरगी जाणार, हे दोघांच्याही आत्ता ध्यानात येत होतं.

“सुमन,” ते म्हणाले, “तिकडं सकाळी काय खातेत लोक?”

सुमनबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. अमेरिकेचे तळ कुठं कुठं आहेत, तिनं कुणाला हत्यारं दिली आणि कुणाला गहू, सगळं या माणसाला तोंडपाठ. उभा जन्म तिच्याशी भांडला, आणि तिच्या घरात सकाळी काय शिजतं ते ठाऊक नव्हतं.

“मला काय ठावं,” त्या म्हणाल्या, आणि पोरीसोबत द्यायच्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी दाणे भाजायला उठल्या.