जाळीत अडकलेली चहापत्ती

मी गाळणी बोलतेय. अमेरिकेत, हर्नडनमध्ये, दीपाच्या किचनमध्ये हुकाला लटकते ना, तीच. पोटाला पोचा, शिक्षण शून्य, पण खोड्यांत माझा हात धरणारं कुणी नाही. आगाऊ पाहुण्याच्या कपात मी मुद्दाम दोन पत्त्या सोडते. मग तो थू थू करतो आणि मी मजा बघते.

दीपाच्या बाबांनी, जगन्नाथरावांनी, मला नागपूरहून बनियनमध्ये गुंडाळून आणलं. "पिशव्या बुडवून कुठे चहा होतो का?" म्हणाले. दिवसातून चारदा मला राबवतात. नातीशी, आन्याशी, मात्र सूत जुळेना. ती इंग्लिशमध्ये बोलायची, हे नुसती मान डोलवायचे.

सोमवारी आन्यानं एक कागद पुढे केला. "आजोबा, साइन करा ना!"

नातीनं पहिल्यांदाच काही मागितलेलं! रिटायर्ड हेडक्लार्कनं चष्मा न लावताच झोकात सही ठोकली.

दीपानं कागद वाचला नि तिला हसूच फुटलं. "बाबा, सात दिवस चहा बंद! हिचं स्कूल प्रोजेक्ट आहे. ब्रिटिशांनी चहावर टॅक्स लावला, तेव्हा इथल्या लोकांनी अशाच सह्या करून चहा सोडला होता."

"सही केली म्हणजे केली," म्हातारा म्हणाला. चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

त्या दिवसापासून आन्या संध्याकाळी पुदिन्याचं पाणी उकळून आजोबांजवळ बसू लागली. मोडक्या मराठीत, मोडक्या इंग्लिशमध्ये गप्पा रंगायच्या. म्हाताऱ्याला आणखी काय हवं होतं!

गुरुवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. आजोबांनी गुपचूप चहा टाकला. मला घाईघाईनं विसळलं. मी एक पत्ती पोच्यात धरून ठेवली. खोडी, दुसरं काय!

संध्याकाळी पुदिना गाळताना ती आजोबांच्या कपात सोडली.

"आजोबा, इज दॅट टी?"

मी हसणारच होते. तेवढ्यात त्यांचा चेहरा दिसला. नात गमावल्यासारखा.

"हो बेटा. दुपारी प्यायलो. एक कप."

आन्या खुदकन हसली. "यू स्मगलर! आजोबा, तेव्हापण लोक चोरून आणलेला टी प्यायचे. टीचरनं सांगितलं."

ते हसले नाहीत. चष्मा लावला, अडलेले शब्द तिला विचारत कागद पूर्ण वाचला आणि खाली पुन्हा सही केली. यावेळी साधी, बारीक.

"आजचा पहिला दिवस धर."

आता माझ्या अंगाला पुदिन्याचा वास येतो. चालेल. ती पत्ती मी मुद्दाम सोडली, हे तेवढं त्यांना सांगू नका. सात दिवस मीही कुणाच्या कपात काही सोडणार नाही. सही करता येत नाही, म्हणून तोंडी सांगतेय.