काचेची पट्टी आणि बाबांचा टेकू

आमच्या स्वयंपाकघरातली भेग शेगडीमागून निघते, खिडकीला वळसा घालते आणि थेट छताच्या तुळईला जाऊन भिडते. आई तिला ‘पाहुणी’ म्हणते. आली ती आली, जायचं नावच काढत नाही!

खाणीची कंपनी म्हणते, घर जुनं, पाया कच्चा, आमचा काय दोष? आम्ही म्हणतो, खालून कोळसा काढून जमीन पोकळ केलीत, म्हणून घर खचलं. शेवटी पाहणीला एक साहेब आले. त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. "मी परत येईपर्यंत ही तुटली, तर जमीन हलतेय. तुम्हाला दुसरीकडे घर मिळेल. नाही तुटली, तर फाइल बंद."

एवढं सोपं! मी तर मैत्रिणींना नव्या खोलीच्या पडद्यांचा रंगसुद्धा सांगून टाकला.

पण माझे बाबा खाणीत टेकू लावतात. कोळसा काढला की वरच्या छताला लाकूड द्यायचं, पाचर ठोकून घट्ट करायचं, यातच त्यांचा जन्म गेला. पट्टी लागली त्याच संध्याकाळी ते जाडजूड लाकूड खांद्यावर घेऊन आले आणि तुळईखाली उभं केलं. मग रोज कामावरून आले की चहाच्या आधी पाचरीवर घाव, तुळईवर टकटक, आणि कान देऊन ऐकणं.

"आता डोक्याला दिवा बांधूनच स्वयंपाक करते मी," आई म्हणाली.

"बांध. पण टेकूला धक्का लावू नकोस."

आम्ही पोट धरून हसलो. यात काय घोळ होतोय, ते तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

साहेब परत आले. पट्टीवरून बोट फिरवून म्हणाले, "शाबूत आहे. हालचाल नाही."

शाळेची वक्तृत्व स्पर्धा नुकतीच जिंकलेली मी गप्प कशी बसणार? "साहेब, हालचाल होईलच कशी? वजन भिंतीवर आहे कुठे? ते या टेकूवर आहे! पडणाऱ्याला दोघांनी काखेत धरायचं आणि वर म्हणायचं, बघा, कसा ठणठणीत उभा आहे!"

साहेबांना हसू आलं. "वकीलच ठेवलाय की घरात! बरं, पटलं. टेकू काढा. महिनाभराने येतो, मग काच काय म्हणते ते बघू."

जिंकले! मी उड्या मारायचीच बाकी होते.

बाबा मात्र टेकूवर हात ठेवून उभे होते. "इथे ही स्वयंपाक करते, साहेब. पोर अभ्यासाला बसते."

"मग महिनाभर दुसरीकडे राहा."

जायचं कुठे? आमचे सगळे नातेवाईक याच गल्लीत, आणि प्रत्येकाच्या भिंतीत एकेक पाहुणी.

"काढा ना बाबा," मी म्हणाले. "महिनाच तर आहे."

"खाली खाणीत माझा जोडीदारही असंच म्हणाला होता. दोन मिनिटांचंच काम आहे, टेकू कशाला." बाबांचा आवाज अगदी साधा होता. "त्यानंतर बिनटेकूच्या छताखाली मी कुणाला उभं राहू दिलं नाही. आता तुला बसवू?"

"पण मग घर?"

"नाही मिळालं तर नाही मिळालं."

आई उगाचच ओटा पुसत राहिली. साहेबांनी पात्याने पट्टी हलकेच सोडवली आणि कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली. पुढच्या घरासाठी असेल.

संध्याकाळी बाबा आणखी एक लाकूड घेऊन आले. ते खिडकीपाशी लावायचं होतं, म्हणून माझं टेबल हलवावं लागलं. त्यांनी तुळईवर टकटक केली, कान दिला. मग पुन्हा केली.

"काय ऐकू येतं, बाबा?"

"आधी भरीव वाजायचं," एवढंच म्हणाले ते, आणि हातोडा उचलला. "ये, धर इथे. घट्ट."

मी दोन्ही हातांनी धरलं.