दक्षिणेकडची खोली

माझी बायको हेमांगी गेली त्या आठवड्यापासून आमचा फ्लॅट दक्षिणेकडे लांबू लागला. लांबीला लागणारी जागा तो रुंदीतून घ्यायचा. आधी हॉलमधला सोफा समोरच्या भिंतीला टेकला, मग टीपॉय बाहेर काढावं लागलं, आणि पुढे पुढे मी आणि बेबीताई समोरासमोर बसलो की आमचे गुडघे एकमेकांना लागायचे. बेबीताई माझी थोरली बहीण. हेमांगीच्या दिवसांसाठी सिन्नरहून आली आणि राहिली. तिला कशाचंच फारसं आश्चर्य वाटत नाही.

खालून पाहिलं तर इमारत पूर्वी जिथं संपायची तिथंच संपत होती. पलीकडे द्राक्षांची बाग आहे. बागेत जाऊन मी वर पाहून आलो, आमची खिडकी होती तिथंच होती. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर हेमांगी गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं. लोक भेटायला यायचे, डोळे पुसायचे, आणि मी त्यांना पाणी आणून द्यायचो. त्याची मात्र लाज वाटायची.

मग विजेचं बिल आलं.

आमच्या इमारतीत सगळंच विजेवर चालतं. गॅस नाही. स्वयंपाक इंडक्शनवर, आंघोळीचं पाणी गिझरवर. ज्योत पेटवायला सक्त मनाई. उदबत्ती लावली तरी छतातून फवारे सुरू होतात आणि देवासकट सगळे भिजतात. गणपतीची आरतीसुद्धा आम्ही विजेच्या निरांजनाने करतो. हा नियम मंजूर करून घेणारा सेक्रेटरी मीच, त्यामुळे कुरकुर करायची सोय नाही. असल्या घरात बिल जरा चढंच येतं. पण दोन म्हाताऱ्या माणसांना अख्ख्या मजल्याइतकी वीज लागली, तेव्हा मी शोध घ्यायचं ठरवलं. हाताला काही काम मिळालं याचं बरंही वाटलं असावं.

पहिला संशय गिझरवर होता. तो बंद केला. बेबीताईने थंड पाण्याने आंघोळ केली आणि "म्हशीला कुठे गिझर असतो," एवढंच म्हणाली. मग फ्रिज रिकामा करून बंद केला. एसी, वॉशिंग मशीन, टीव्ही, मोबाइलचा चार्जर, सगळ्यांच्या पिना ओढून काढल्या. घर गप्प झालं. जिन्यात जाऊन मी मीटर पाहिला. वीज खर्च होईल तसा त्याच्यावरचा लाल ठिपका लुकलुकतो. तो इतक्या भराभर लुकलुकत होता की सलग पेटल्यासारखा दिसत होता.

"काहीतरी चालू राहिलंय," मी आत येऊन म्हणालो.

"आठव," बेबीताई म्हणाली.

मला आठवेना.

तोवर खालच्या मजल्यावरच्या निमकरकाकू वर आल्या. दारातून त्यांना आत येता आलं नाही, कारण हॉल आता बोळाएवढाच उरला होता आणि वाटेत आम्ही दोघं उभे होतो. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, तुमच्याकडे चाललंय तरी काय? आमच्याकडे तव्यावर पोळी फुगत नाही. लिफ्ट मजल्याच्या मध्येच दम खाते."

"शोध चालू आहे," मी म्हणालो.

"हेमांगी असती तर एवढं होऊ दिलं नसतं तिने."

"नसतं दिलं."

त्या डोळ्याला पदर लावून गेल्या. मी वीज कंपनीत तक्रार केली आणि बोरस्ते नावाचे गृहस्थ आले. अंगाने भरदार, स्वभावाने शांत. त्यांच्याकडे चिमट्यासारखं एक यंत्र होतं. वायरीला ते लावलं की आतून किती वीज चालली आहे ते कळतं. त्यांनी एकेका वायरीला चिमटा लावला आणि शेवटच्या वायरीपाशी थांबले.

"साहेब, ही एकच लाइन सगळं ओढतेय. कुठली ही?"

"बेडरूमची."

"आत काय चालू ठेवलंय?"

मी बेबीताईकडे पाहिलं. ती पदराचा शेव बोटाला गुंडाळत होती. मग तिने गुंडाळणं थांबवलं.

"दिवा," ती म्हणाली.

माणूस जिथं जातं तिथं दहा दिवस दिवा ठेवायचा, वात दक्षिणेला करून. जाणाऱ्याला वाट दिसावी म्हणून. हेमांगी बेडरूममध्ये गेली. घरात ज्योत चालत नाही म्हणून आम्ही स्टुलावर विजेचा दिवा ठेवला, दिवाळीत मिळतो तसला. त्याची प्लॅस्टिकची ज्योत जरा वाकडी होती. तिचं टोक दक्षिणेला येईल असा बेबीताईने तो फिरवून घेतला. तेलाच्या दिव्याचं बरं असतं. दिवस झाले की आपण तेल घालायचं थांबतो आणि तो आपला आपण शांत होतो. हा दिवा शांत करावा लागतो हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तेरावं झालं, आम्ही बेडरूमचं दार ओढून घेतलं, आणि मी हॉलमध्ये झोपू लागलो.

बोरस्त्यांनी चिमटा मिटला.

"म्हणजे बाई अजून चालतायत."

"चालणारच," बेबीताई म्हणाली. "उजेड आहे तोवर कोण थांबतं?"

"आणि रस्ता?"

"घरातूनच घेत असेल. तिला बाहेरचं काही मागायची सवय नव्हती."

बोरस्ते मान हलवत म्हणाले, "ताई, पण इमारतीला हा भार झेपायचा नाही. दिवा बंद करा, नाहीतर मला खालून मेन तोडावी लागेल."

"तोडू नका," मी म्हणालो. "मी जातो."

मला वाटलं होतं त्यापेक्षा माझा आवाज मोठा निघाला. बेबीताईने आमच्या दोघांच्या हातात दशम्यांचा एक डबा दिला. वाटेत लागेल म्हणाली.

आम्ही निघालो. पूर्वी बेडरूम हॉलला लागून होती. आता मध्ये पॅसेज होता आणि तो संपत नव्हता. भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो होता. भिंतीबरोबर तोही लांबला होता. आधी फेटा बांधलेला मी लागलो. मग बराच वेळ नुसता मांडव, केळीचे खांब, बसलेली माणसं. दशम्या आम्ही त्या मांडवाखाली उभ्या उभ्या खाल्ल्या. पुढे कितीतरी चालल्यावर हेमांगी लागली, हातात हार घेऊन उभी. इतक्या लांबून तिने हार घालायचा तरी कसा, असं मला वाटलं.

पुढे बोरस्ते अडकले. त्यांनी पोट आत घेऊन पाहिलं, आडवं होऊन पाहिलं.

"माझ्याच्यानं पुढं होणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही बारीक आहात, जाल. मी इथं उभा राहतो. बंद झाला की आवाज द्या. नाही आला आवाज, तर खाली जाऊन तोडेन."

"आवाज देईन," मी म्हणालो.

तिथून पुढे मला आडवंच चालावं लागलं, पाठ एका भिंतीला आणि छाती दुसऱ्या भिंतीला घासत. मग आमचा पलंग लागला. ताणला जाऊन तो माळ्यावरच्या फळीएवढा अरुंद झाला होता, आणि उशीला खळगा तसाच होता. त्याच्या कडेने मी सरकत राहिलो. शेवटी स्टूल दिसलं, स्टुलावर दिवा दिसला. दिव्यावर धूळ बसली होती, पण प्लॅस्टिकची ज्योत अजून दक्षिणेलाच वाकलेली होती. त्याचं पांढरं बटण माझ्या छातीकडच्या भिंतीवर होतं.

दिव्याच्या उजेडात हेमांगी पुढे चालत होती. मला तिची पाठ दिसली. अंगावर हिरवं सुती पातळ होतं आणि चपला तिने हातात घेतल्या होत्या. घरात चपला घालायच्या नाहीत हा तिचाच नियम होता. इतकं अंतर ती अनवाणी चालली होती, का, तर अजून घर संपलं नव्हतं.

मला रडू आलं. इतक्या दिवसांनी ते आलं आणि छातीत मावेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सरकता सरकता मी नेमका बटणासमोर आलो आहे. ते माझ्या शर्टाच्या बटणांमध्ये रुतलं होतं. मागे सरायला जागा नव्हती. भरून श्वास घेतला असता तरी ते दाबलं गेलं असतं. मी हुंदका तिथल्या तिथे धरला.

हेमांगी थांबली. मागे वळली नाही.

"अहो, आलात का?"

"आलो," मी म्हणालो. तेवढंच बोलण्याइतकी हवा आत होती.

"उजेड हलवू नका हं. पुढे उंबरा दिसतोय असं वाटतं. तो आपलाच शेवटचा आहे का, तेवढं बघून सांगते."

मागून, खूप लांबून, बोरस्त्यांचा आवाज आला. "साहेब, झाला का बंद? का जाऊन तोडू?"

उत्तर द्यायला श्वास घ्यावा लागणार होता. बटण छातीला टेकलेलं होतं. हेमांगीने चपला दुसऱ्या हातात घेतल्या, मोकळा हात भिंतीला धरला आणि पाऊल उचललं.