कोच क्रेनेक यांचे गुण

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शाळेची अमेरिकन फुटबॉल खेळणारी मुलं माझ्या प्रयोगशाळेत संगणकासमोर बसतात. पडद्यावर बारा शब्द येऊन जातात, ते नंतर आठवायचे. आकृत्या ओळखायच्या, रंग बदलला की कळ दाबायची. हंगामात कुणाच्या डोक्याला मार बसला, तर हीच परीक्षा पुन्हा घेतात. ऑगस्टपेक्षा गुण घसरले तर त्याला मैदान बंद. म्हणून काही दिवटे ऑगस्टमध्येच मुद्दाम चुकतात. आधीच ढ ठरलं, की पुढे मार लागला तरी फरक दिसत नाही.

मी रसायनशास्त्र शिकवते. हे काम तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं, ते संगणक माझ्या खोलीत आहेत म्हणून.

कोच डॉयल क्रेनेक दर वर्षी मुलांबरोबर स्वतःही परीक्षेला बसत. हा त्यांचा तिसावा हंगाम. त्याआधी कॉलेजपर्यंत ते स्वतः खेळलेले. "मी म्हातारा बसतो, मग तुमचं काय जातंय?" असं मुलांना म्हणत. त्यांच्या निकालाची कुणाला गरज नसे. मी तो न वाचता कपाटात टाकत असे.

यंदा वाचला. सहा मुलांचे गुण गेल्या वर्षीच्या निम्म्यावर आले होते, म्हणून मी सगळी यादी लावून पाहिली. त्या सहांच्याही खाली कोच होते.

पहिला सामना शुक्रवारी होता. गुरुवारी दुपारी मी कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते जर्दाळू भरलेली कोलाची, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, खात होते.

"या बाई, घ्या एक. बायकोनं केलीयत. नको म्हणालात तर तिला नाव सांगेन."

"या सहा जणांनी मुद्दाम पेपर पाडलाय."

त्यांनी चष्मा लावून यादी पाहिली आणि हसले. "लबाड लेकाचे! सगळे उद्या मैदानाबाहेर, बाकावर. गाव माझी सालटी काढेल, काढू दे."

"गावाचं सोडा. शिकले कुणाकडून?" मी दुसरा कागद पुढे ठेवला. "मुलांना धडा म्हणून बसता आणि स्वतःच मुद्दाम चुकता? बारापैकी तीन शब्द, कोच?"

हे वाक्य मी दोन दिवस मनात घोटून आणलं होतं.

हातातली कोलाची त्यांनी खाली ठेवली.

"बाई, मी मन लावून दिली होती."

मला आधी कळलंच नाही.

"घरी जाऊन बायकोला सांगितलं, यंदा झकास झाली म्हणून."

मी उठून प्रयोगशाळेत गेले. कपाटातून जुने कागद आणले आणि टेबलावर ओळीनं मांडले. अकरा. नऊ. सहा. तीन. सातवीतल्या मुलानंही वाचला असता असा तक्ता, आणि तो तीन वर्षं माझ्या कपाटात पडून होता.

"आणखी कुणाला माहितीय?" त्यांनी विचारलं.

"कुणाला नाही."

"म्हणजे तुम्ही जर..." ते थांबले. पुढचं त्यांनी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, मला आजही सांगता येत नाही. त्यांनी कागद उचलला. "चला."

कपडे बदलायच्या खोलीत चाळीस मुलं बूट बांधत होती. कोचनी कागद वर धरला.

"ही परीक्षा मी खरी दिली. बारापैकी तीन."

खोलीत हशा उसळला. "कोच, तुम्ही तर आमचे बाप निघालात!" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्यानं शीळ घातली.

ते हसले नाहीत. पुढच्या रांगेतली मुलं आधी गप्प झाली, मग मागची.

"उद्या मैदानावर मी नसेन. डॉक्टरकडे जातोय. तुमच्यातले सहा जण आत्ता बाईंबरोबर जातील आणि पेपर पुन्हा देतील. खरा. कोण ते तुम्हाला ठाऊक आहे."

पाच उठले. सहावा, त्यांच्या हाताखाली तीन वर्षं खेळलेला, मान खाली घालून बसून राहिला.

कोचनी त्याच्याकडे बोट केलं. तोंड उघडलं. शब्द आला नाही. मुलांना वाटलं, रागानं आला नाही. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. त्यांची नजर मुलाच्या चेहऱ्यावर फिरली, मग हळूच वर सरकली, त्याच्या पाठीमागच्या कपाटावर चिकटवलेल्या नावाच्या पट्टीकडे.

"कूपर," ते वाचून म्हणाले, "ऊठ."