उलटा पीळ

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर घ्यायला दोन रांगा लागतात. डावीकडे पाळक भाकर देतात, उजवीकडे दादा, कारखान्यातले माझे जुने सोबती. अकरा वर्षं मी डावीकडेच उभा राहतो. बायको विचारते, पाळकांकडची भाकर काय जास्त गोड लागते? मी गप्प बसतो. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

दादांच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. दोन कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनमध्ये गेली, आणि ती माझ्यामुळे गेली. जाळी उघडली की ते मशीन आपोआप थांबतं. त्यात वेळ जातो म्हणून मी जाळीचा खटका दाबलेलाच राहील असा तारेनं बांधून ठेवायचो. त्या दिवशी शिफ्ट संपली आणि तार सोडायची राहिली. माझ्यानंतर दादा आले, जाळी उघडली आणि अडकलेला तुकडा काढायला त्यांनी हात घातला. ओरडा ऐकून मी परत धावलो, तर खटक्यावर तार नव्हतीच. भंगारात पडली असेल म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला. त्या श्वासाची मला अजून किळस येते. चौकशीत दादांचाच निष्काळजीपणा ठरला, त्यांना गोदामात पाठवलं. मी बघत राहिलो.

हे ओझं वाहून मी पार थकलो होतो. दादा मुलीकडे कायमचे राहायला चाललेत असं कळलं, तेव्हा शनिवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो. ते शर्टाला बटण लावत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी मानही वर केली नाही. "माहीत आहे. तारेचा पीळ उलटा होता. कारखान्यात डावखुरा तू एकटाच. मीच ती काढून खिशात टाकली."

म्हणजे त्या रक्तबंबाळ अवस्थेत, धड राहिलेल्या एका हातानं. मी खाली बसलो. "का दादा? मी तुमचा कोण लागतो?"

"तुझी नोकरी गेली असती." त्यांनी दोरा दातानं तोडला. "मी काही संत नाही. वर्षभर रोज वाटायचं, जाऊन सांगून टाकावं. पण रविवारी भाकर हातात घेतली की आठवायचं, मला तरी ती कुठे लायकी बघून मिळाली? मग राहून जायचं." सुई बाजूला ठेवून म्हणाले, "तू माझ्या रांगेत येत नाहीस, ते मात्र लागतं."

दुसऱ्या दिवशी मी उजवीकडे उभा राहिलो. आज इकडे कसे, बायको मागून कुजबुजली. मी पुढे सरकलो. दादांनी तीन बोटांनी तुकडा उचलला आणि माझ्या डाव्या हातावर ठेवला.